जुना प्रोग्रेसिव्ह रीलोडिंग प्रेस घेतोय, काय काय तपासू?

माळरान

नमस्कार मंडळी. मी यूएसपीएसए या अमेरिकेतल्या पिस्तूल नेमबाजी संघटनेच्या स्थानिक मॅचेसना नियमित जातो. बहुतेक ९ मिमी, अधूनमधून .४५ एसीपी. उडवलेल्या केसेस (काडतुसांची पितळी टरफलं) सध्या सिंगल स्टेज प्रेसवर, म्हणजे एका वेळी एकच काम करणाऱ्या यंत्रावर, पुन्हा भरतो. काडतूस चांगलं होतं, पण प्रत्येक केस चार वेळा हातात घ्यायची, चार वेळा हँडल ओढायचं, यात अख्खा शनिवार जातो. एका मॅचमध्ये दीडेकशे काडतुसं संपतात आणि सरावाला काही उरत नाही.

नवा प्रोग्रेसिव्ह (एका ओढीत अनेक कामं करणारा प्रेस) परवडत नाही, म्हणून वापरलेला बघतोय. दोन ठिकाणी बोलणं चालू आहे.

पहिला डिलन कंपनीचा ५५०बी. एका वयस्कर नेमबाजाचा होता, ते गेले. आता त्यांचा मुलगा विकतोय. त्याला स्वतःला यातलं काही कळत नाही. दोन टूलहेड (डाय बसवायची सरकती पट्टी), काही शेलप्लेट (केसेस धरणारी फिरती तबकडी), डाय (केसवर काम करणारे साचे), एक वजनकाटा आणि वडिलांची नोंदवही, सगळं एकत्र देतोय. फोटोत प्रेसवर धूळ आहे, हॉपरमध्ये (पावडर भरायच्या नळकांड्यात) अजून पावडर, म्हणजे दारू, दिसते.

दुसरा डिलन ६५०, इलेक्ट्रिक केस-फीडरसकट. मालक म्हणतो 'फारसा वापरला नाही'. किंमत पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट.

कोणता घ्यावा? आणि बघायला गेलो की नेमकं काय बघायचं?

ठोकताळा

आधी एक गोष्ट. 'कोणता मॉडेल' हा प्रश्न लोक फार चघळतात. वापरलेल्या प्रेसच्या बाबतीत त्याहून मोठा प्रश्न असतो की प्रायमर (केसच्या बुडातली ठिणगी देणारी छोटी टोपी) आणि पावडर या दोन ठिकाणची यंत्रणा कोणत्या अवस्थेत आहे. बाहेरून गंजलेला, तेलकट, रंग उडालेला प्रेस एका दुपारी साफ करून उत्तम चालतो. बाहेरून लखलखीत असलेला प्रेस दर दहाव्या केसला प्रायमर तिरका बसवत असेल तर तो तुम्हाला छळेल. म्हणून बघायला जाताना फडकं आणि टॉर्च न्या, आणि पावडर-प्रायमर न वापरता प्रेस चालवून बघा.

५५० हा चार स्टेशनचा प्रेस आहे. पहिल्या स्टेशनवर जुना प्रायमर निघतो, केस साइझ होते (पुन्हा मूळ मापावर येते) आणि हँडल पुढे ढकललं की नवा प्रायमर बसतो. दुसऱ्यावर पावडर पडते आणि केसचं तोंड थोडं उघडतं. तिसऱ्यावर बुलेट बसते, चौथ्यावर क्रिम्प, म्हणजे केसचं तोंड बुलेटभोवती आवळणं. शेलप्लेट हाताने फिरवायची. ६५०ला पाच स्टेशन आहेत आणि शेलप्लेट आपोआप फिरते. ६५०चं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, त्याच्या जागी ७५० आला. म्हणजे ६५० घ्यायचा असेल तर सुटे भाग कोणते मिळतात हे आधी विचारून ठेवा.

आता बघायचं काय.

रॅम (शेलप्लेट वरखाली नेणारा दांडा) वर उचला आणि शेलप्लेट बोटांनी हलवून बघा. थोडी हालचाल असणारच. पण प्लेट एका बाजूला कलत असेल तर मधला बोल्ट सैल आहे की रॅमच झिजला आहे हे शोधायला हवं. ५५०ला शेलप्लेटचा बोल्ट घट्ट केल्यावर तो फिरू नये म्हणून एक छोटा सेटस्क्रू असतो. बरेच लोक तो पुन्हा आवळायचं विसरतात. मग शंभर-दोनशे काडतुसांनंतर प्लेट सैल होते, बुलेट कधी खोल बसते, कधी वर राहते, आणि खापर डायवर फुटतं. आधी बोल्ट सारखा करून बघा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

मग फ्रेम. टॉर्च मारून माउंटिंगच्या भोकांभोवती आणि टूलहेड जिथे सरकतं त्या खाचांच्या कोपऱ्यात तडा आहे का ते बघा. फडक्याने पुसूनच बघा, ग्रीसच्या थराखाली केसासारखी बारीक चीर दिसत नाही.

हँडल संपूर्ण खाली, संपूर्ण वर, सावकाश. मध्ये कुठे खरखर, धक्का किंवा अडकल्यासारखं वाटलं की तिथेच थांबा आणि कारण शोधा. जोर लावून पुढे नेऊ नका. ही सवय पुढे भरतानाही लागते.

आणि स्वतःच्या केसेस न्या. वीस-पंचवीस उडवलेल्या ९ मिमी केसेस, तेवढ्याच बुलेट, एक कॅलिपर. प्रायमर नाही, पावडर नाही. अशी दहा-बारा डमी काडतुसं करा आणि लांबी मोजा. ९ मिमी ल्युगरची सामीने (काडतुसांची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेने) ठरवलेली कमाल लांबी १.१६९ इंच आहे, तुम्ही त्याहून कमीच ठेवत असाल. आकडा कोणता येतो ते इथे महत्त्वाचं नाही, तो एकसारखा येतो का ते बघायचं. पाच-सात हजारांश इंचाच्या आत सगळी बसली तर प्रेसचा सांगाडा ठीक आहे.

पितळवेडी

ठोकताळांशी बऱ्याच अंशी सहमत. फक्त ६५०ला एवढ्यात बाद करू नका.

५५० हाताने फिरवायचा, त्यामुळे नवख्याला सोपा, असं सगळे म्हणतात. पण हाताने फिरवायचं म्हणजे फिरवायचं विसरताही येतं. कुणी हाक मारली, फोन वाजला, तुम्ही हँडल खाली केलंत पण प्लेट फिरवलीच नाही, की दुसऱ्या स्टेशनवरच्या त्याच केसमध्ये दुसऱ्यांदा पावडर पडते. ९ मिमीत जलद जळणाऱ्या पावडरीचं दुप्पट माप केसमध्ये बऱ्याचदा मावतं, सांडतही नाही. ऑटो-इंडेक्स असलेल्या, म्हणजे शेलप्लेट आपोआप फिरवणाऱ्या, प्रेसवर ही चूक होणं अवघड आहे, कारण प्रत्येक ओढीला केस पुढे जातेच.

शिवाय पाचव्या स्टेशनमुळे पावडर पडल्यावर लगेच पावडर चेक लावता येतो. माप कमी-जास्त झालं की तो आवाज करतो. आरसीबीएसची लॉकआउट डायही आहे, ती तर प्रेसच अडवते. ५५०वर बसवणं आणि क्रिम्प वेगवेगळ्या स्टेशनवर ठेवलंत तर या उपकरणाला जागाच उरत नाही.

आता ६५० बघताना खास दोन गोष्टी. एक, शेलप्लेट फिरवणारी प्लास्टिकची इंडेक्सर रिंग. प्लेट उलट्या दिशेला जोराने फिरवली की तिचा दात मोडतो. भाग लहान आहे, बदलता येतो, पण मोडलेला असेल तर मालकाचं 'फारसा वापरला नाही' तपासून घ्यायला हवं. दोन, प्रायमरची गोल डिस्क. ६५०वर ती प्रत्येक ओढीला पुढे सरकते, मग त्या जागेवर केस असो वा नसो. न वापरलेला प्रायमर उताराने खाली जातो. त्या उताराखाली ट्रे किंवा वाटी नसेल तर जिवंत प्रायमर टेबलाखाली लोळत असतात. मालकाच्या टेबलाखाली एकदा नजर टाका, माणूस कसा काम करतो ते कळतं.

केस-फीडर विजेवर चालतो. चालू करून दाखवायला सांगा आणि किमान पाच मिनिटं चालू द्या.

दहा_यार्ड

ली प्रो १००० कुणी सुचवला नाही म्हणून लिहितो. तीन स्टेशन, ऑटो-इंडेक्स, वापरलेला अगदी स्वस्तात मिळतो. एकाच कॅलिबरपुरता हवा असेल तर विचार करायला हरकत नाही. प्रायमरच्या घसरगुंडीत प्रायमर कमी झाले की वरचं वजन जातं आणि तो फीड करायला कुरकुर करतो, तेवढं जपायचं. घसरगुंडी भरलेली ठेवायची आणि स्वच्छ ठेवायची. प्लास्टिकचे भाग नवे घालून सुरुवात केली तर बरंच सोपं जातं.

माळरानांना दोन कॅलिबर हवेत, तेव्हा ५५०च ठीक. वापरलेले हॉर्नडी लॉक-एन-लोड एपीही बघा. पाच स्टेशन, ऑटो-इंडेक्स, आणि डाय बुशिंगमध्ये बसतात त्यामुळे बदलायला झटपट. मात्र शेलप्लेट खालून फिरवणारे दोन पॉल (खटके) झिजले असतील तर प्लेट प्रत्येक वेळी नेमक्या जागी थांबत नाही, ते बघून घ्या.

एक विसरलो. कुठेतरी डिलन स्क्वेअर डील बी दिसेल आणि किंमत बघून मोह होईल. प्रेस छान आहे, पण त्याला त्याच्याच वेगळ्या डाय लागतात. तुमच्या ७/८-१४ आट्यांच्या, म्हणजे नेहमीच्या मापाच्या, डाय त्यात बसत नाहीत. आणि तो फक्त पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या कॅलिबरसाठी आहे.

माळरान

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं तपशिलात कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

५५०वाल्या मुलाने आणखी फोटो पाठवलेत. हॉपर खालच्या अर्ध्या भागात मधासारखा पिवळा पडलाय आणि आतून धुरकट दिसतो, वरचा भाग मात्र स्वच्छ पारदर्शक आहे. पावडर मापाच्या बाजूला दोन स्प्रिंगा आहेत, माझ्या मित्राच्या ५५०वर तिथे एक उभा रॉड आणि निळं विंग-नट आहे. वहीत पानापानावर प्रमाणं लिहिली आहेत, अगदी सुंदर अक्षरात. मुलगा म्हणाला, 'बाबांची सगळी रेसिपी आहे, तुम्हाला उपयोग होईल.' पावडर पण ठेवून घ्या म्हणतो.

ठोकताळा

फोटोंनी बरंच सांगितलं. एकेक घेऊ.

हॉपर पिवळा पडला आहे तो पावडर वर्षानुवर्षं आत राहिल्यामुळे. डबल-बेस पावडरीत नायट्रोग्लिसरीन असतं, ते प्लास्टिकला खातं. पिवळ्या रेषेची उंची बघा, तिथपर्यंत पावडर भरून ठेवलेली होती. प्रेस बिघडला असा याचा अर्थ नाही. हॉपर नवा मिळतो. पण तुम्ही स्वतः रोज काम संपल्यावर हॉपर रिकामा करून पावडर मूळ डब्यात परत ओतायची सवय लावा.

आतली पावडर मात्र घेऊ नका. कोणती आहे ते कुणालाच खात्रीने सांगता येणार नाही. रंगावरून, दाण्याच्या आकारावरून पावडर ओळखणं अशक्य आहे, दोन अगदी वेगळ्या वेगाने जळणाऱ्या पावडरी डोळ्यांना सारख्या दिसतात. हॉपरशेजारी एखादा डबा ठेवलेला असला तरी तीच पावडर आत आहे याचा तो पुरावा नाही. उघडा डबा असेल तरी तेच. सील न फोडलेला डबा असेल तर वेगळी गोष्ट.

वही जपून ठेवा, त्यांच्या आठवणीखातर ठेवा. पण त्यातलं एकही प्रमाण थेट वापरू नका. त्यांची बंदूक वेगळी, बॅरल वेगळी, बुलेट कुणाची होती माहीत नाही, त्या नावाची पावडर आज तशीच आहे का माहीत नाही. तुमची बुलेट आणि तुमची पावडर आताच्या छापील मॅन्युअलमध्ये शोधा आणि तिथे दिलेल्या सुरुवातीच्या मापापासून सुरू करा. वहीत खरा उपयोगाचा भाग वेगळाच असतो. कोणता टूलहेड कोणत्या कॅलिबरचा, स्प्रिंग कधी बदलली, कुठला भाग मागवला. ती पानं वाचा.

दोन स्प्रिंगा म्हणजे पावडर बार (पावडर मोजून टाकणारी सरकती पट्टी) परत आणायची जुनी पद्धत. नव्या पद्धतीत रॉड बारला ओढून परत जागेवर आणतो, म्हणून त्याला फेलसेफ म्हणतात. स्प्रिंगवाल्यात बार अर्ध्यात अडकला तर पुढच्या केसला पावडर कमी पडते किंवा पडतच नाही. आणि पावडर नसलेलं काडतूस म्हणजे स्क्विब. प्रायमरच्या जोरावर बुलेट बॅरलमध्ये जाऊन अडकते, तुम्ही पुढची गोळी झाडता आणि बॅरल फुटू शकते. फेलसेफचा किट वेगळा मिळतो. घेतल्या घेतल्या तोच आधी बसवा, बाकी सगळं नंतर.

अजून एक, आणि हे मी सगळ्यात गंभीरपणे सांगतो. प्रायमरच्या उभ्या नळीत जिवंत प्रायमर शिल्लक असू शकतात. मुलाला ते ठाऊकही नसेल. प्रेस सोडवायच्या, गाडीत घालायच्या आधी चष्मा लावून ती नळी आणि स्लाइड (प्रायमर केसखाली नेणारी पट्टी) रिकामी आहे याची खात्री करा. नळीत शंभर प्रायमर मावतात, एक पेटला की बाकीचे पेटतात, म्हणूनच डिलनच्या नळीभोवती जाड पोलादी कवच असतं. प्रायमर अडकलेला दिसला तर सळई घालून ठोकायचं नाही. नळी अलगद सोडवून उलटी करायची. निघाले नाहीत तर तिथेच थांबायचं.

शांत_ट्रिगर

यंत्राबद्दल तुम्ही सगळे लिहितच आहात, मी कायद्याचं आणि घरचं लिहितो, कारण आपल्या मंडळींत यावर गोंधळ असतो.

स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला अमेरिकेत केंद्रीय लायसन्स लागत नाही. प्रेस विकत घ्यायलाही लागत नाही. पण भरलेली काडतुसं विकायचा धंदा करायचा झाला तर एटीएफचं (बंदुकांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याचं) टाइप ०६ लायसन्स लागतं. 'मित्रांना थोडी करून देतो, ते पैसे देतात' असं हळूहळू सुरू होतं, त्याआधीच थांबा. पैशांचा प्रश्न बाजूला ठेवला तरी दुसऱ्याच्या बंदुकीत काय होईल याची जबाबदारी आपल्यावर येते.

दुसरी गोष्ट आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाची. एच-१बी सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक आणि अम्युनिशन बाळगायला मनाई आहे. अपवाद मोजके आहेत, त्यातला एक म्हणजे राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स. आणि १९६८ च्या कायद्यात अम्युनिशनच्या व्याख्येत भरलेलं काडतूस येतं, तसेच केस, प्रायमर, बुलेट आणि पावडरही येतात. म्हणजे 'माझ्याकडे बंदूक नाही, नुसते प्रायमर आहेत' हा बचाव नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट लागू नाही. ज्यांची स्थिती बदलते आहे त्यांनी वकिलाला विचारूनच पुढे जावं. मित्राच्या गॅरेजमध्ये बसून मदत करणाऱ्यांनीही.

साठवण. एनएफपीए ४९५ या अमेरिकी अग्निसुरक्षा मानकानुसार घरात स्मोकलेस पावडर मूळ डब्यांतच ठेवायची, २० पौंडांपर्यंत. त्याहून जास्त, ५० पौंडांपर्यंत असेल तर किमान एक इंच जाड लाकडाचं कपाट किंवा पेटी लागते. प्रायमर १०,००० पर्यंत. शहराचे, काउंटीचे नियम याहून कडक असू शकतात, ते बघून घ्या. लोखंडी बंद तिजोरीत पावडर ठेवू नका. आग लागली तर कपाट फुटून दाब निघून जायला हवा, तिजोरीत तो कोंडला जातो.

आणि शिसं. जुन्या प्रेसवरची काळी-राखाडी धूळ ही नुसती धूळ नसते. उडवलेल्या प्रायमरच्या अवशेषात शिसं असतं. घरच्या व्हॅक्यूमने ती ओढू नका, ती हवेत पसरते आणि मशीनमध्ये सांडलेली पावडरही गेली तर ठिणगी पुरते. हातमोजे घालून ओल्या फडक्याने पुसा, फडकी टाकून द्या. घरात लहान मुलं असतील तर प्रेस स्वयंपाकघराच्या टेबलावर क्षणभरही ठेवू नका. काम संपल्यावर हात धुतल्याशिवाय बाळाला उचलू नका. हे माझ्या घरात ठाम नियम आहेत.

पितळवेडी

शांत_ट्रिगर, व्हिसाबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्या रेंजवर येणाऱ्या कितीतरी जणांना हे ठाऊक नसतं.

माळरान, किंमत ठरवताना प्रेसकडे न बघता सोबत काय येतंय ते बघा. प्रत्येक कॅलिबरला ५५०वर शेलप्लेट, लोकेटर बटणं (केस जागेवर धरणारी) आणि पावडर फनेल (केसमध्ये पावडर सोडणारं) लागतं, शिवाय डाय सेट आणि स्वतंत्र टूलहेड. टूलहेडवर डाय एकदा जुळवून ठेवल्या की कॅलिबर बदलताना नुसतं ते बाहेर ओढून दुसरं सरकवायचं. हे सगळं सुटं घेतलं तर प्रेसच्या निम्म्या किमतीपर्यंत सहज जातं. म्हणून शेलप्लेटवरचे नंबर वाचून यादी करा. बटणं हरवलेली असतील, फनेल दुसऱ्याच कॅलिबरचं असेल, तर ते किमतीत धरा.

.४५ एसीपी भरता, म्हणून आणखी एक. त्याच्या केसेस दोन प्रकारच्या येतात. बहुतेकांचा खिसा (बुडातली प्रायमर बसायची जागा) मोठ्या प्रायमरचा, काही कंपन्यांचा लहान प्रायमरचा. रेंजवरून उचललेलं पितळ (म्हणजे केसेस) मिसळलेलं असतं. सिंगल स्टेजवर लगेच हाताला कळतं. प्रोग्रेसिव्हवर मात्र मोठा प्रायमर लहान खिशात चेपला जातो, हँडल अडतं आणि माणूस नकळत जोर लावतो. भरायच्या आधी .४५चं पितळ चक्क पालथं करून ट्रेमध्ये ठेवा आणि बुडं बघून निवडा. लष्करी पितळाचंही तेच. खिशाभोवती क्रिम्पची कडा असेल तर ती आधी काढावी लागते. डिलनच्या १०५०वर त्यासाठी वेगळं स्टेशन आहे, ५५० किंवा ६५०वर नाही.

आणि हो, मुलाशी भाव करताना जपून. त्याला किंमत कळत नाही म्हणून पाडून मागू नका. रास्त काय ते सांगा आणि द्या. त्या घरातल्या माणसाने आयुष्यभर जपलेली वस्तू आहे.

माळरान

काल जाऊन आलो. वृत्तांत लिहितो.

घरात शिरल्यावर प्रथम प्रायमरची नळी. ठोकताळांचा अंदाज खरा ठरला, आत जिवंत प्रायमर होते. चष्मा लावला, कवचाचं टोपण काढून नळी वर ओढली आणि उलटी केली, सगळे सुटे बाहेर आले. मुलगा चकित झाला. त्याची चार वर्षांची मुलगी त्याच खोलीत खेळत असते. त्याला पावडर आणि प्रायमर यांबद्दल सविस्तर सांगितलं. त्याच्या गावच्या अग्निशमन दलाला फोन करून विल्हेवाट कशी लावायची ते विचारायचं ठरलं.

फ्रेमला तडा नाही. हँडल सुरळीत. शेलप्लेट सैल होती आणि सेटस्क्रू जागेवरच नव्हता, तो खालच्या ट्रेमध्ये जुन्या प्रायमरांत सापडला. बसवून, बोल्ट सारखा करून डमी काडतुसं केली. आधी लांबी भलतीच मागेपुढे येत होती, नंतर सगळी चार हजारांश इंचाच्या आत आली.

टूलहेड एक ९ मिमीचं, दुसरं .३८ स्पेशलचं निघालं. म्हणजे .४५साठी डाय माझ्या आहेत, पण शेलप्लेट, बटणं, फनेल घ्यावं लागेल. त्याला तसं सांगितलं आणि त्याने मागितले त्यातून तेवढेच कमी केले. तो खूश, मीही.

एकच अडचण. त्याच्या परवानगीने घरी आणून माझ्या वीस केसेसमध्ये नुसते प्रायमर बसवून बघितले, पावडर नाही. त्यातले सहा-सात प्रायमर बुडाच्या वर राहिले, बोट फिरवलं की जाणवतात. का होत असेल?

ठोकताळा

अभिनंदन, चांगला सौदा झाला. आणि नळी रिकामी करून आलात हे तर फारच चांगलं केलंत.

प्रायमर वर राहण्याची कारणं ज्या क्रमाने मी शोधतो त्या क्रमाने सांगतो. आधी शेलप्लेट पुन्हा बघा. आवळल्यावर ती हाताने सहज फिरायला हवी पण वरखाली हलू नये. प्लेट वर उचलली जात असेल तर प्रायमर ढकलताना केसही वर जाते आणि प्रायमर अर्धाच बसतो. मग प्रायमर ज्या पिनवर बसतो तिचं टोक. काळ्या काजळीने माखलेलं असेल किंवा मधोमध खळगा पडला असेल तर बदला. स्लाइड पुढे गेल्यावर पूर्ण जागेवर थांबते का तेही बघा. तिच्याखाली पावडरचा एक दाणा असला तरी ती थोडी मागे राहते. ब्रशने साफ करा, तेल लावू नका, तेल प्रायमरला लागलं तर तो निकामी होऊ शकतो.

हे सगळं ठीक असेल तर हँडल पुढे ढकलायची सवय. सिंगल स्टेजवरून येणाऱ्यांचा जोर खाली ओढण्यात असतो. ५५०वर प्रायमर बसतो तो हँडल पुढे ढकलताना, आणि तिथे ठाम दाब लागतो. प्रायमर बसल्याचं हाताला जाणवेपर्यंत ढकला. टेबल हलत असेल तर तो दाब टेबलच खातं, म्हणून प्रेस भिंतीला धरून असलेल्या भक्कम टेबलावर, शक्यतो खालून जाड फळी लावून बसवा.

ते वर राहिलेले प्रायमर पुन्हा प्रेसवर घालून चेपू नका. त्या केसेस बाजूला काढा, पावडर-बुलेट न घालता तशाच बंदुकीत उडवून टाका, रेंजवर, कानाला संरक्षण लावून.

पितळवेडी

यात भर घालते. प्रायमर नळीच्या खालच्या टोकाला प्लास्टिकची छोटी टोपी असते, ती नवी घालाच. लहान प्रायमरची वेगळी, मोठ्याची वेगळी. झिजली की प्रायमर तिरका उतरतो. किरकोळ किंमत आहे, जादाच्या दोन घेऊन ठेवा.

आणि डिलनला फोन करा. ५५०ची त्यांची हमी पहिल्या मालकापुरती नाही, वापरलेला घेतला तरी चालते. १०५०ला तशी नाही. काय झिजलंय ते सांगा. पूर्ण उघडून साफ करून, झिजलेले भाग बदलून देण्याचीही त्यांची सोय आहे, त्याचे पैसे लागतात.

माळरान

शेलप्लेटच होती! सेटस्क्रू बसवला होता, पण बोल्ट पाव आटा सैल राहिला होता. पिन साफ केली, टोपी बदलली. आता वीसपैकी वीस बुडाच्या किंचित खाली बसतात. फेलसेफ किट आणि नवा हॉपर मागवला आहे.

पावडर घालून सुरुवात करताना कशी करावी? थेट पूर्ण वेगाने की?

ठोकताळा

नाही. पहिले काही दिवस एका वेळी एकच केस. ती चारही स्टेशनांतून पूर्ण बाहेर पडेपर्यंत दुसरी घालू नका. पावडर पडली की ती केस काढून वजन करा, पहिल्या दहा तर सगळ्या, नंतर दर दहावी. वजनकाटा आधी तपासणीच्या वजनाने जुळवून घ्या, तो जुना काटाही वापरायचा असेल तर तसाच तपासा.

दुसऱ्या-तिसऱ्या स्टेशनच्या वर एक छोटा एलईडी दिवा लावा. बुलेट ठेवण्याआधी प्रत्येक केसमध्ये डोकावून पावडरची पातळी बघायची, अपवाद नाही. तुमच्या मॅन्युअलमध्ये फुगीर पावडर सापडली तर ती निवडा. दुप्पट पडली तर केसबाहेर सांडते, दिसल्याशिवाय राहत नाही.

काहीही अडलं, हँडल थांबलं, प्रायमर पडला, फोन आला, तर शेलप्लेटवरच्या सगळ्या केसेस काढा, पावडर हॉपरमध्ये परत ओता आणि पहिल्या स्टेशनपासून नव्याने सुरू करा. 'ही झाली होती की नव्हती' असा विचार करायची वेळच येऊ देऊ नका.

टेबलावर एका वेळी एकाच पावडरीचा डबा.

माळरान

समजलं. दिवा आजच लावतो. किट आलं की पहिल्या दहांची वजनं इथेच टाकेन, बघून सांगा.